रिद्धपूरच्या बसण्याच्या जागा : प्रस्तावना

गावातील इमारतींविषयी लिहिताना आपल्याकडील ग्रंथकारांची दृष्टी बहुधा देवळाच्या शिखरावर, गढीच्या बुरुजावर किंवा देशमुखांच्या वाड्याच्या महिरपीवर स्थिरावते. आणि ज्या जागी सबंध गाव, कोणाचे आमंत्रण नसता आणि कोणतेही निकडीचे कारण नसता, दिवसाकाठी एकदा तरी टेकून जातो, ती जागा मात्र, अतिपरिचयामुळेच की काय, त्यांच्या लेखणीच्या टप्प्यात येत नाही. पार, चावडी, छपरी, धर्मशाळा, मठाची ओसरी ही सारी याच कुळातील स्थळे होत. त्यांना शिल्पशास्त्रात अध्याय नाही, सरकारी दप्तरात असलीच तर एखाद्या ओळीची नोंद, आणि पडझड झाली म्हणजे त्यांच्यासाठी अर्ज करणाराही कोणी नसतो. पुढील पानांत वऱ्हाडातील एकाच गावाच्या, म्हणजे मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरच्या, अशा जागांची रेखाटने आणि टिपणे एकत्र केली आहेत. त्यांच्याकडे कोणत्या बाजूने पाहावे, एवढेच सांगण्यापुरते हे प्रास्ताविक आहे.

या विषयात इंग्रज लोकांनी केलेले काम पाहिले म्हणजे आपली उदासीनता अधिकच डोळ्यांत भरते. त्यांच्या खेड्यातील पब ही संस्था आपल्या वाचकाला कथाकादंबऱ्यांतून ठाऊक असते. पण त्या पबच्या तुळया, चुलाणी, दारे आणि बाकडी यांचा त्यांनी जो सूक्ष्म अभ्यास केला आहे, तो फारसा कोणी वाचत नाही. ग्लॅस्टनबरी येथील ‘जॉर्ज अँड पिलग्रिम्स’ ही पथिकशाळा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील ख्रिस्ती मठाने यात्रेकरूंसाठी बांधली. तिचा दगडी दर्शनी भाग एखाद्या लहानशा प्रार्थनामंदिराचा वाटावा इतका कोरीव आहे. सॉमरसेटमधीलच नॉर्टन सेंट फिलिप या गावची ‘जॉर्ज’ नावाची इमारत हिंटनच्या मठाशी आणि लोकरीच्या जत्रांशी निगडित होती. तिचा तळमजला दगडाचा, आणि त्यावर रस्त्याच्या अंगाला पुढे झुकलेले लाकडी मजले. म्हणजे आज ज्या घरात बीअरचे पेले भरले जातात, त्या घराची पायाभरणी पुष्कळदा मठाधिपतीच्या खर्चाने झालेली असते, ही गोष्ट रिद्धपुरासारख्या मठांच्या गावाचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्या घरांची बांधणीही मोठी शहाणपणाची. ओकचे लाकूड ओले असतानाच तासावयाचे, चौकटी जमिनीवर आडव्या मांडून जुळवावयाच्या, प्रत्येक सांध्यावर सुताराने रोमन आकड्यांसारख्या खुणा कोराव्या, आणि मग त्या खुणांच्या आधारे सारा सांगाडा उभा करून लाकडी खुंट्यांनी जखडून टाकावयाचा, अशी ती रीत होती. लाकूड पुढे वाळते, पिळवटते, आणि सांधे अधिकच आवळून घेते. चौकटींच्या मधली पोकळी हेझल नावाच्या झुडपाच्या काड्या विणून भरीत, आणि त्यावर माती, शेण आणि गवताचा काला थापीत. हे शेवटचे वाक्य वाचताना वऱ्हाडी वाचकाला आपल्या घराच्या मागच्या भिंतीची आठवण झाली तर नवल नाही. पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड, त्यावर माती, शेण आणि कुटार यांचा गिलावा, ही आमच्याकडील गरिबाच्या घराची भिंत आणि सॉमरसेटमधील त्या मान्यवर इमारतींची भिंत यांच्यात कारागिरीच्या दृष्टीने अंतर फारच थोडे आहे. अंतर आहे ते पुढे घडलेल्या इतिहासात : तिकडे ती भिंत कायद्याने संरक्षित झाली, इकडे ती दारिद्र्याची निशाणी ठरली.

तिकडे या जागांवर सरकारचे लक्षही फार पूर्वीपासून होते. 1393 साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अमलात पेय विकणाऱ्याने दारावर चिन्ह टांगावे असा हुकूम निघाला, आणि 1552 च्या कायद्याने असे घर चालविण्यास स्थानिक न्यायाधीशांचा परवाना आवश्यक झाला. आमच्याकडे मद्याचे नशीब वेगळे निघाले. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आल्यानंतर आबकारीचा जो बंदोबस्त झाला, त्यात मोहाच्या दारूचा मक्ता घेणारा कलाल हा प्रमुख होता, आणि त्याचे दुकान म्हणजे चार कुडांचा आडोसा. गावाने त्याला वेशीबाहेर काढले, बाकडे दिले नाही, शेजार दिला नाही. तेव्हा तेथे कोणी बसले असेल तरी ते तोंड चुकवून. अशा जागेची इमारत होत नसते. रिद्धपुरात तर, जेथे मद्यपान सप्तव्यसनांत गणून वर्ज्य मानणारा महानुभाव पंथ सात शतकांहून अधिक काळ नांदत आहे, हा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि यात्रेकरूला उतरण्याची, भुकेल्याला खाण्याची आणि रिकाम्याला बसण्याची गरज येथेही होती, आणि ती भागविणारी वास्तू मद्याविना कशी घडते, हे पाहण्यास रिद्धपुरासारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल.

गाव प्राचीन आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, जी दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, तिचा पाचव्या शतकातील ताम्रपट येथेच मिळाला. नल वंशातील भवदत्तवर्म्याचा ताम्रपटही येथलाच. परंतु ज्या रिद्धपुराशी आपल्याला कर्तव्य आहे, ते तेराव्या शतकातील गोविंदप्रभूंचे, म्हणजे गुंडम राऊळांचे रिद्धपूर होय. जवळच्या काटसूर गावी जन्मलेला, आईबाप लहानपणीच गेलेला हा पुरुष येथे राहिला, येथे वेड्यासारखा वागला, येथेच ईश्वर म्हणून पूजिला गेला, आणि गावाने त्याला एकाच दमात माय आणि बाप अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली. भडोचचा प्रधानपुत्र हरिपाळ रामटेकच्या यात्रेस म्हणून निघाला, आणि वाटेत रिद्धपुरास त्याची आणि गोविंदप्रभूंची भेट झाली. त्याच भेटीत हरिपाळाला ज्ञानशक्ती प्राप्त झाली आणि तो पुढे चक्रधरस्वामी, म्हणजे महानुभाव पंथाचा प्रवर्तक, झाला, अशी पंथाची श्रद्धा आहे.

ही भेट कोठे झाली, इकडे आमच्या वास्तुविषयक लेखकांचे लक्ष वेधावेसे वाटते. देवळाच्या गाभाऱ्यात नव्हे, मठाच्या चौकात नव्हे. ती झाली रांधवणहाटात, म्हणजे जेथे शिजविलेले अन्न विकावयास मांडीत त्या बाजारात. गोविंदप्रभूंनी तेथल्या शेंगुळ्याचा उष्टा प्रसाद पुढे केला आणि हरिपाळाने तो घेतला. एका संप्रदायाचा, आणि पर्यायाने मराठी गद्याचा, आरंभ खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या हाटात व्हावा, ही गोष्ट ज्याला गंमतीची वाटेल त्याने अवश्य हसावे. मला ती अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कारण शिजलेले अन्न विकणारी आळी ज्या गावात असते, त्या गावात परक्याची ये-जा असते. आणि ज्याला आपल्या चुलीपाशी बसविता येत नाही अशा माणसाला बसविण्याची काही तजवीज त्या गावाने केलेली असते. इंग्रजी पथिकशाळेचे जे पहिले कार्य, ते रिद्धपुरात तेराव्या शतकात हा रांधवणहाट करीत होता. त्याची एक वीटही आज दाखविता येणार नाही. त्याची जागा मात्र पंथाने विसरू दिलेली नाही.

पंथातील ग्रंथकार म्हाइंभटांच्या नावावर असलेले गोविंदप्रभूंचे चरित्र या दृष्टीने वाचावे, म्हणजे ते साऱ्या गावाचा एक चालता-बोलता नकाशा होऊन बसते. हा ईश्वर एका जागी बसतच नाही. तो बाजारात हिंडतो, कोणाच्याही ओसरीवर चढतो, कोणाच्याही स्वयंपाकघरात डोकावतो, मडक्यांची झाकणे उघडून पाहतो. उच्चवर्णीयांचे घर आणि मातंगांचे घर यांत तो भेद करीत नाही, आणि त्यामुळे गावात कुरबूर होते. एके प्रसंगी मातंगांनी पाण्यावाचून होणारी तळमळ त्याला सांगितली, तेव्हा त्याने जागा दाखविली, तेथे खणले आणि पाणी लागले. चरित्रकाराचा रोख अर्थात देवत्व सांगण्याकडे आहे. पण नकळत तो आपल्याला हेही सांगून जातो की, त्या गावातील कोणती जागा कोणासाठी उघडी होती, कोणती बंद होती, आणि बंद दाराच्या आत कोणी गेले तर कोण रागावत असे. वास्तूचा याहून खरा इतिहास नसतो. भिंतीची जाडी मोजता येते. उंबरठ्याची जाडी अशा ग्रंथांतूनच कळते.

चक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिले, आणि येथील वाजेश्वरी नावाच्या स्थळी म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणींचे लीळाचरित्र सिद्ध करण्याचे काम केले, ते सामान्यतः शके 1200, म्हणजे इसवी सन 1278 च्या सुमारचे मानतात. ज्याने जी आठवण प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती विचारावी, आणि नागदेवाचार्यांच्या संमतीने ती नोंदवावी, अशी त्या ग्रंथाची रीत होती. म्हणजे हा ग्रंथ एकांतात लिहिला गेला नाही. तो बसून, बोलून, एकमेकांना दुरुस्त करीत सिद्ध झाला. पंथातील शिष्या महदाइसेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले, तेही येथेच, जमलेल्या मंडळींत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या घटनांच्या तिथींचा पुष्कळ काथ्याकूट केला. ती मंडळी कोणत्या प्रकारच्या छपराखाली बसली असतील, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याच्या हाती महानुभावांनीच एक अपूर्व साधन ठेवले आहे, ते म्हणजे मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली, चौदाव्या शतकातील स्थानपोथी. चक्रधरस्वामींनी जेथे जेथे वास केला, रात्र काढली, क्षणभर बसले किंवा भोजन केले, त्या प्रत्येक जागेची या पोथीत नोंद आहे. आणि ती नोंद भक्ताच्या गदगदीत कंठाने केलेली नसून, जमाबंदीच्या कारकुनाला शोभेल अशा कोरड्या तपशिलाने केली आहे. गाव सांगितले की गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, देवळाचे तोंड कोणीकडे, चौक आहे की नाही, पटिशाळा कोणत्या अंगास, आणि त्या पटिशाळेत नेमकी कोणती जागा, असा बाहेरून आत जाणारा तिचा क्रम असतो. अवस्थान, वसती, आसन असे जागांचे प्रकारही पंथाने निरनिराळे केले आहेत. ज्या देशात बांधकामाचे वर्णन म्हटले की सुवर्णकलशांची आणि रत्नजडित खांबांची अतिशयोक्ती सुरू होते, त्या देशात ही मितभाषी पोथी वाचताना मनास जो थंडावा मिळतो, तो शब्दांत सांगणे अवघड आहे.

हे सारे साहित्य शतकानुशतके सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी ते पंथाबाहेरील वाचकाला खुले होऊ लागले. त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि मूळचे मलकापूर भागातील वि. भि. कोलते यांनी पोथ्या मिळविण्याचे, पाठ ताडून पाहण्याचे आणि ग्रंथ छापण्याचे जे परिश्रम केले, त्यांची फेड होणे नाही. तथापि हे सर्व विद्वान भाषेचे आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. स्थानपोथी हाती घेऊन, मोजपट्टी घेऊन गावोगाव हिंडणारा स्थापत्याचा जाणकार त्यांच्या पिढीस लाभला नाही, हे आपले दुर्दैव.

स्थानपोथीत जी जागा शब्दांत आहे, तीच गावात ओट्याच्या रूपाने उभी असते. रिद्धपुरात फिरताना हे ओटे ठायी ठायी दिसतात : घडीव दगडाचा किंवा विटांचा, गुडघ्याच्या आसपास उंचीचा, वरून चुन्याने गुळगुळीत केलेला आणि पुन्हा पुन्हा पांढरा केलेला चौथरा. त्यावर मूर्ती असावीच असा नियम नाही. भक्त येतो, पादत्राण दूर ठेवतो, गुडघे टेकून त्या थंड पृष्ठावर कपाळ लावतो, विडा वाहतो, आणि उठतो. कपाळ टेकण्याच्या बाजूची कड हातांच्या स्पर्शाने बोथट झालेली असते. गिलाव्याचा एखादा कोपरा उडाला असला तर आतले थर मोजता येतात, आणि ते थर म्हणजेच त्या ओट्याची बखर. ओट्यावरचे छप्पर कधी गवताचे होते, कधी कवेलूंचे झाले, आता बहुतेक ठिकाणी स्लॅबचे आहे. छपराचे वय विचारण्यात अर्थ नाही, कारण ते कोणी जपलेलेच नाही. इंग्रज अभ्यासक तुळईचे लाकूड कोणत्या साली तोडले याचा छडा लावतो आणि त्यावरून घराचे वय ठरवितो. ही कसोटी रिद्धपुरास लावली तर येथे फार जुने असे थोडेच उरते. गोविंदप्रभू जेथे राहत त्या राजमठाची आजची वास्तूदेखील त्यांच्या काळची नव्हे. येथे जुनी आहे ती बसण्याची जागा, आणि तिच्याभोवतीची भिंत पिढीगणिक नवी होत आली आहे. या एका भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तूंच्या याद्यांत अशा गावांना मानाचे स्थान मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंत पुनःपुन्हा नवी का करावी लागते, याचे कारण वऱ्हाडच्या जमिनीत आहे. येथली काळी कसदार माती कापसाला जितकी मानवते, तितकीच घराला घातक. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, आणि तिच्यावर उभी केलेली भिंत दोनचार वर्षांत तडकते. म्हणून गाव वसते ते पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या राखेमातीने उंचावलेल्या टेकाडावर, आणि घरे उठतात ती त्याच पांढऱ्या मातीची. पडलेल्या गढीची माती नव्या घराला लागते, आणि ते घर पडले की पुन्हा तीच माती तिसऱ्या घराला. भिंती दोन दोन हात जाड. त्यावर सागाच्या तुळया, तुळयांवर लाकडी किलचन, त्यावर पाला आणि मातीचे थर, आणि सर्वांत वर पूर्णेच्या खोऱ्यातील खारी माती, जी पाणी मुरू देत नाही : हे धाब्याचे घर. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला असता अशा घरातील माजघराचा गारवा ज्याने अनुभवला आहे, त्याला सिमेंटच्या छताचे कौतुक सांगू नये. साग मेळघाटातून, सातपुड्याच्या उतारावरून येत असे. म्हणून मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यात खांब चांगले भरदार आढळतात.

इंग्रजी पबचे हृदय म्हणजे त्यातील चुलाणे. बाहेर बर्फ असताना माणसे आत, अग्नीच्या दिशेने तोंड करून बसतात, आणि त्यामुळे ती इमारत आतल्या अंगाला घट्ट मिटलेली असते. आमच्याकडे माणूस उन्हापासून पळतो, पण वाऱ्याला शोधतो. म्हणून बसण्याची जागा नेहमी आत आणि बाहेर यांच्या सीमेवर असते. घराची छपरी रस्त्याला लागून, त्याहून उंच ओसरी, ओसरीत बंगई, आणि पलीकडे माजघर, जेथे परक्याला प्रवेश नाही. मठात हीच योजना मोठ्या प्रमाणावर आढळते : दिंडीदरवाजा इतका बुटका की आत शिरताना मान आपोआप लवते, मग चौक, चौकाच्या भोवती खांबांवर उभ्या ओसऱ्या, ओसऱ्यांच्या मागे साधूंच्या आणि तपस्विनींच्या वेगवेगळ्या खोल्या. पंगत ओसरीत बसते, निरूपणही तेथेच होते, आणि उतरलेला यात्रेकरू रात्री तेथेच अंथरूण पसरतो. एकच ओसरी सकाळी पाठशाळा, दुपारी भोजनगृह आणि रात्री धर्मशाळा होते. फक्त सतरंजी बदलते. पटिशाळा हा शब्द स्थानपोथीत वारंवार येतो आणि जिचा आज ओसरी म्हणून व्यवहार होतो, ती वस्तू त्या पटिशाळेचीच वारसदार आहे, असे दोहोंची योजना ताडून पाहिल्यावर वाटू लागते. खांबाच्या पायाशी दगडी उथळे, जेणेकरून जमिनीची ओल आणि वाळवी लाकडास लागू नये. आणि त्या उथळ्याच्या वरचा हातभर भाग टेकणाऱ्यांच्या पाठींनी तेलकट काळा झालेला. कोण कोणत्या खांबाला टेकतो, हेही ठरलेले असते. नवख्याने ते विचारून घ्यावे हे बरे.

पार आणि चावडी यांच्याविषयी मी येथे विस्तार करीत नाही, कारण त्या जागा रिद्धपुरास विशेष नाहीत. चावडी ही मुळात महसुलाची इमारत. तेथे बसणाऱ्याच्या मनात साराचौथाई असते, आणि सारा भरून झाला की रयत काढता पाय घेते.

आता या गावात मोठा बदल होऊ घातला आहे. मराठी भाषेचे विद्यापीठ येथे 2024 पासून उभे राहिले आहे, रस्ते रुंदावत आहेत, आणि मठांनाही दूरदूरच्या भक्तांच्या देणग्यांतून संगमरवर आणि चकचकीत फरशी परवडू लागली आहे. यात हळहळण्याजोगे काही आहे, असे मी सरसकट म्हणणार नाही. ज्या परंपरेने छपराला कधीच पवित्र मानले नाही, तिच्या अनुयायांनी जुने छप्पर काढून नवे घातले तर ते परंपरेशी सुसंगतच आहे. परंतु नवे छप्पर घालताना ओसरीची खोली, तिची जमिनीपासूनची उंची, चौकाकडे असलेले तिचे तोंड आणि खांबांमधील अंतर यांचाही बळी जातो, आणि मग तेथे माणसे खुर्चीवर बसू लागतात, एकमेकांसमोर न बसता एकाच दिशेने तोंड करून बसू लागतात. ही हानी संगमरवराने भरून येणारी नाही. उतरविलेला साग तर सरळ फर्निचरवाल्याकडे घनफुटाच्या भावाने जातो. कामाला हात घालण्यापूर्वी त्या ओसरीचा एक मोजका नकाशा काढून मठाच्याच दप्तरात, पोथ्यांच्या शेजारी, ठेवावा, एवढी विनंती महंतांना करणे अस्थानी होणार नाही. ज्यांच्या पूर्वसूरींनी पटिशाळेतील बसण्याची जागा दिशेसह लिहून ठेवली, त्यांना हे काम परके वाटू नये.

पुढील रेखाटनांची मांडणी स्थानपोथीच्या क्रमाने केली आहे : प्रथम दिशा, मग दार, मग चौक, मग ओसरी, आणि शेवटी त्या ओसरीतील बसण्याची जागा. मापे फुटांत दिली आहेत, कारण येथले सुतार आणि गवंडी अजूनही फुटांतच बोलतात. ज्यांना केवळ बांधकामाची जिज्ञासा आहे, त्यांनी धाब्याच्या आणि किलचनाच्या प्रकरणापासून आरंभ करण्यास हरकत नाही; मात्र ज्यांनी लीळाचरित्र वाचले आहे, त्यांनी रांधवणहाटाच्या जागेचा नकाशा आधी उघडावा, आणि तेथून राजमठाकडे व वाजेश्वरीकडे जाणाऱ्या वाटा बोटाने चालून पाहाव्या.